साठ रुपयाला एक कट

मे महिना, दुपारचे साडेबारा. अशा टायमाला सोलापुरात कुणी गॅरेजला आलं की समजायचं एकतर रेडिएटर उकळलाय नाहीतर एसी गेलाय. हे सर मात्र गाडी झकास चालवत आले, लिंबाच्या सावलीत लावली आणि उतरून म्हणाले, "पेट्रोल जात नाही ओ हिच्यात."

मी म्हटलं सर, मग इथवर आली कशी?

"इंजिनात नाही ओ, टाकीत!"

पंपावर नोझल घातलं की अर्धा-पाऊण लिटर जातंय आणि खट्, ऑटोकट. परत दाबलं की परत खट्. म्हणजे साधारण साठ रुपयाला एक कट. पाचशेचं पेट्रोल टाकायला दहा मिनिटं, तोवर मागं रिक्षावाले हॉर्न मारून जीव खातात. सरांनी होटगी रोडचा पंप बघितला, विजापूर रोडचा बघितला, मोहोळला जाताना हायवेवरच्या पंपावर तर मशीनमध्ये गडबड आहे म्हणून भांडलेही. तिथल्या पोरानं काही न बोलता तेच नोझल मागच्या गाडीत घातलं, सपासप गेलं. सरांचं तोंड बंद. मग एका गॅरेजवाल्यानं फिलर नेक, म्हणजे पेट्रोल टाकायची नळी, बदलायला लावली. साडेचार हजार गेले आणि फरक शून्य.

आता नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, ते बहुतेकांनी बघितलेलं नसतं. पेट्रोल वाहतं तेव्हा त्या भोकातून हवा ओढली जात असते. पेट्रोल वर चढून भोक बुडालं की हवा मिळायची बंद होते, आतला पडदा ओढला जातो आणि नोझल खटकन बंद. त्याला टाकीशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की भोकाशी पेट्रोल आलं. मग टाकी रिकामी असताना पेट्रोल तोंडाशी का येतंय? तर आतली हवा बाहेर पडत नाही म्हणून. अरुंद तोंडाची कळशी नळाखाली धरली की गुडगुड करत पाणी उलटं उडतं ना, तसंच.

पेट्रोल गाडीत ही हवा सरळ बाहेर सोडत नाहीत, वाफा असतात तिच्यात. ती कॅनिस्टरमधून जाते, म्हणजे कोळशाचे दाणे भरलेला प्लॅस्टिकचा डबा. वाफ कोळसा धरून ठेवतो, नुसती हवा पुढं एका नळीतून बाहेर, आणि गाडी चालू असताना इंजिन ती धरलेली वाफ ओढून जाळतं. म्हणून सरांना पहिलं विचारलं, ऑटोकट झाल्यावर राऊंड फिगर करायची सवय आहे का? तर आहे! वीस वर्षांची! म्हटलं सापडलं. गळ्यापर्यंत भरलं की पेट्रोल त्या कॅनिस्टरमध्ये उतरतं आणि कोळसा भिजून बसतो. मी तर मनात नव्या कॅनिस्टरचा रेट पण धरला होता.

स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. गाडी लिफ्टवर घेतली, मागच्या चाकाजवळून कॅनिस्टर उतरवला आणि तिथंच माझी हुशारी संपली, कारण डबा हलका फूल, थेंब नाही की काही नाही. एका तोंडाला फुंकर मारली, दुसऱ्या तोंडातून हवा मस्त आली. चांगला होता तो. बारक्या (आमचा पोरगा, कामाला दोन वर्षं झाली) म्हणाला, दादा ही बाहेर जाणारी नळी राहिली की. तिला फुंकर मारली तर माझे गाल फुगले, कान गच्च झाले, हवा काय जाईना.

नळीचं दुसरं टोक वर बॉडीच्या आत होतं. त्या टोकाला जाळीची टोपी असते ती नव्हतीच. सरांना विचारलं तर मागच्या वर्षी तिकडं डेंटिंग झालं होतं. कुणीतरी उघडून परत लावायची विसरला असणार. बारक्यानं जुन्या क्लच केबलची तार घातली आणि उकरायला लागला, तर वाळलेली माती पडायला लागली, शाडूसारखी घट्ट. मी म्हटलं काय करलालास बे, नळी फाटेल. तेवढ्यात मातीबरोबर चार-पाच कोळी पडले. मेलेले नव्हते, पाय किंचित हलत होते. आणि एक पिवळट अळी.

"कुंभारीण!" सर आणि बारक्या एकदमच ओरडले. म्हणजे ती मातीचं घर बांधणारी माशी.

सर दोन महिने पुण्याला पोराकडं होते, गाडी शेतातल्या शेडमध्ये. तेवढ्यात कुंभारणीनं फुकटचं घर बघितलं. सर मराठीचे मास्तर, रिटायर झालेले, ते लगेच सुरू झाले की संतांनी म्हटलंय, अळी भिंगुरटीचं, म्हणजे या कुंभारणीचंच, ध्यान करता करता भिंगुरटीच होते. बारक्या म्हणाला, ध्यान कुठलं सर, ती कोळ्याला डंख मारून लुळं करती, कोंडती, वर अंडं घालती आणि अळी त्याला ताजं ताजं खाती. सर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, हे वर्गात सांगायला पाहिजे होतं.

हसू नका, मोठमोठ्या कंपन्यांना हे झालंय. २०११ मध्ये माझदानं अमेरिकेत पन्नास हजाराच्या वर गाड्या परत बोलावल्या होत्या, याच नळीत कोळी जाळं विणायचे म्हणून. नळी बंद झाली की नुसतं भरताना त्रास होतो असं नाही, इंजिन वाफ ओढत राहतं, टाकीत हवा शिरत नाही, टाकी आत ओढली जाऊन चिरू शकते. सरांना आठवलं, झाकण उघडताना फुस्स करून हवा आत जायची. हे आधी सांगितलं असतं तर माझा तास वाचला असता, पण गिऱ्हाईक महत्त्वाचं तेवढंच शेवटी सांगतं.

नळी साफ केली, नवी टोपी बसवली, साडेतीनशे रुपये घेतले. सर म्हणाले पंपावर तुम्ही पण चला, माझा विश्वास नाही. गेलो. पोरानं नोझल घातलं, खटका अडकवला आणि सर मीटरकडं बघायचं सोडून नोझलकडंच बघत उभे. दहा लिटर, वीस लिटर, आवाज नाही. साडेसत्तावीसला एकदाच खट्. मीटरवर २,८८३.

सर खूष होऊन पोराला म्हणाले, "एकोणतीसशे करून टाक की."

मी आणि बारक्या दोघं एकदम ओरडलो.