लाल पाठीचा बेडूक: आरे-येऊरचा नकाशा कुठवर आलाय

यंदाच्या पावसात एकाच बेडकाच्या मागे आहे: हायड्रोफिलॅक्स बहुविस्तारा. मुंबई-ठाण्यात तो कुठे कुठे आहे याचा नकाशा करतोय. गोरेगावच्या आरेचा भाग बऱ्यापैकी भरलाय, ठाण्याच्या येऊरला नुकती सुरुवात झालीय.

जुन्या याद्या चाळणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, त्यांत हा ‘मलाबारिकस’ या जातीच्या नावाने सापडेल. २०१५ मध्ये संशोधक आनंद पाध्ये आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडचा बेडूक वेगळी जात म्हणून मांडला. मलाबारिकस राहिला दक्षिणेच्या किनारपट्टीकडे. आपला महाराष्ट्र-गोव्यापासून पार मध्य भारतापर्यंत आहे. म्हणून माझ्या नकाशावर जुन्या नोंदी वेगळ्या रंगात ठेवल्यात.

परवा आरेत एक नर अगदी हातभरावरून बघायला मिळाला. विटकरी लाल पाठ, आणि डोळ्यामागून तो लाल रंग जिथे संपतो तिथे लगेच काळी कूस, जणू पट्टी लावून रेघ मारलीय. वरचा ओठ फिकट पांढुरका. ओरडायला लागला की गळ्याच्या दोन्ही बाजूंना फुगे येतात. टॉर्च मंद ठेवला तर तो ओरडणं थांबवत नाही. हात लावायचा नाही, आणि एका पाणथळीवरून दुसरीकडे जाताना गमबूट धुऊन, वाळवूनच. बेडकांचे रोग बुटांच्या चिखलातून पसरतात.

नकाशा भरत गेला तसं एक लक्षात आलं. नुसतं पाणी बघून हा शोधता येत नाही. पाण्यावर तो येतो प्रजननासाठी, पावसात. एरवी राहतो जंगलाच्या जमिनीवर, ओल्या पाल्यात, पडलेल्या ओंडक्यांखाली. त्यामुळे काठ सिमेंटने बांधलेल्या, आजूबाजूचा पाला झाडून काढलेल्या तळ्यांवर मला पिवळेधमक बुलफ्रॉग भेटले, क्रिकेट फ्रॉगही भेटले, पण हा नाही. चार पावलांवर पालापाचोळा असेल तर रस्त्याकडेच्या साध्या डबक्यावरही तो हजर. आता प्रत्येक नोंदीत पाण्यापासून पाल्यापर्यंतचं अंतर लिहितोय. आरेतला पाला झाडून जाळणं थांबायला हवं, हे मला आता फार कळकळीने वाटतं. उन्हाळा काढायला त्याला हा पाला हवा.

पुढचा टप्पा येऊरचे ओढे. विहार तलावाच्या दक्षिणेला, पवईच्या बाजूला माझा नकाशा कोराच आहे. तिकडे कोणी फिरत असेल तर फोटो, तारीख आणि काठावर पाला होता की नाही, एवढं पाठवा. दिसला नाही तर तीही नोंद हवीच आहे.