विरजणासारखं नेट

दुपारी वीज जाते, राउटरचे दिवे मालवतात आणि आतल्या खोलीतून हाक येते, "अरे, हॉटस्पॉट दे जरा." विरजण मागावं तसं. नाही म्हणायची पद्धत नाही. पासवर्ड सांगताना मात्र आवाज खाली येतो, कारण तिथं एक ते आठ आकडे ओळीनं टाकलेले असतात. आठच, कारण त्याहून कमी चालत नाहीत.

आणि लॅपटॉपला हॉटस्पॉट दिसतच नाही. काही जुन्या लॅपटॉपना ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वाय-फायचा नवा बँड, कळत नाही. मोबाइलमध्ये बँड २.४ करावा लागतो. आयफोनवाल्यांनी 'मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी' चालू करायचं.

एवढं सगळं होईतो चार्जिंगची वायर तिथंच लोळत असते. ती लॅपटॉपला लावावी, अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'यूएसबी टेदरिंग', म्हणजे वायरीतून नेट देणं, चालू करावं, झालं. पासवर्ड नको, मोबाइल तापणं कमी, वर चार टक्के बॅटरीही चढते. लॅपटॉपचं वाय-फाय कार्डच मेलं असेल तर मोबाइलनं पकडलेलं घरचं वाय-फायही याच वायरीतून आत येतं. टेदरिंगचं बटण फिकट दिसलं, दाबलं जाईना, तर आधी वायर बदलून बघा. स्वस्तातल्या काही वायरींत विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. "चार्जिंग तर होतंय की" हा पुरावा नव्हे.

दुसरी खबरदारी विंडोजची. जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मीटर्ड कनेक्शन', म्हणजे मोजून मिळणारं नेट, चालू करा. नाहीतर लॅपटॉपला वाटतं फुकटचं वाय-फाय मिळालं, आणि तो गुपचूप अपडेट उतरवत बसतो. वायरीनं जोडलं की त्याला ते 'इथरनेट' दिसतं. तिथं हे वेगळं करावं लागतं. रोजचा दीड जीबी संपला की बहुतेक प्लॅनांत उरतात ६४ केबीपीएस, म्हणजे एक एमबीच्या फोटोला दोन मिनिटं.

जीपीआरएसच्या, म्हणजे मोबाइलवरच्या जुन्या संथ नेटच्या काळात हा वेग चैनीचा वाटला असता. तेव्हा मोबाइल म्हणजे लॅपटॉपचा मॉडेम. डेटा केबल वेगळी विकत घ्यायची, आणि प्रत्येक कंपनीच्या फोनचं तोंड निराळं. केबल नसेल तर इन्फ्रारेडच्या काळ्या खिडक्या समोरासमोर मांडायच्या. मध्ये चहाचा कप आला की नेट गेलं. जोडणी झाली की पडद्यावर ११५.२ केबीपीएस झळकायचं. तो आकडा पोर्टचा, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपमधल्या जोडणीचा. नेट त्याच्या निम्म्यानंही पळत नसे. आणि डायल करायचा नंबर *९९#. पलीकडे फोन उचलायला कुणी नसायचं. मोबाइललाच दिलेला तो हुकूम होता, डेटा सुरू कर म्हणून.

हाच *९९# आज मोबाइलवरून लावला तर बँकेतली शिल्लक कळते. त्याला नेट लागत नाही.