लळिंगच्या पायथ्याचा फड्या निवडुंग

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याविषयी मी येथे फारसे लिहिणार नाही. फारुकी राजवटीच्या आठवणी सांगणारी तटबंदी आणि वरची पाण्याची टाकी पाहण्यात दुपार गेली, एवढे पुरे. माझी सकाळ मात्र पायथ्याच्या एका बांधावर वाढलेल्या फड्या निवडुंगाच्या जाळीने घेतली.

आमच्यापैकी एकाने त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेत, "अगदी वाळवंटात आल्यासारखे वाटते," असे जाहीर केले आणि ते मला फार खटकले. तापीकाठच्या काळ्या जमिनीवर कापूस आणि केळी पिकवणारा खानदेश कोरडा असेल, पण वाळवंट खचितच नाही. शिवाय हा निवडुंग मूळचा अमेरिका खंडातला. तिथल्या रखरखीत प्रदेशात पाणी वाचवण्यासाठी त्याच्या पानांचे काटे झाले, अन्न तयार करण्याचे काम हिरव्या, मांसल खोडाने पत्करले आणि रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडू लागली. आपल्याकडच्या त्रिधारी निवडुंगाशी त्याचे नाते नाही. त्रिधारीला पांढरा चीक येतो, याला येत नाही.

मेंढ्या घेऊन आलेल्या एका बाबांनी फड्यावरचे कापसासारखे पांढरे पुंजके दाखवून म्हटले, "भाऊ, हे चिमटीत धरून पाहा." बोटे रक्तासारखी लाल झाली. तो किरमिजी रंग देणाऱ्या किड्याच्या कुळातला कीटक होता. 1795 मध्ये उत्तम रंगाच्या आशेने ब्राझीलहून बंगालमध्ये असा कीटक आणला गेला, पण तो दुय्यम जातीचा निघाला. रंगाचा व्यापार फसला आणि निवडुंगाची एक जात मात्र त्याने फस्त केली. पुढे 1926 मध्ये, माजलेला निवडुंग आवरण्यासाठी श्रीलंकेहून त्याच कुळातली दुसरी जात मुद्दाम आणली गेली. रंगाच्या लोभापेक्षा हा उपयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, आणि किल्ल्यावरच्या माहितीफलकांपेक्षा त्या बाबांचे दोन शब्द कितीतरी उपयोगी.

त्यांनी काठीने एक पिकलेले बोंड पाडले, वरची बारीक कुसळे जातील इतके ते मातीत घोळले आणि सोलून माझ्या हाती दिले. गर आंबटगोड होता, बियाच फार. वाळवंटवाल्या मित्राने ते नाकारले आणि त्याच्या वाट्याचे बोंडही मीच खाल्ले.