पहिली दुर्बीण घेताना खोक्यावरचे ‘५२५ पट’ विसरा

ऑनलाइन टेलिस्कोप शोधायला गेलं की ७६/७०० अशा आकड्यांची एक दुर्बीण हमखास समोर येते. बारीक पायांचा ट्रायपॉड, खोक्यावर शनीचा झकास फोटो आणि ठळक अक्षरांत ‘५२५ पट’. आकडा खोटा नाही, फक्त निरुपयोगी आहे. ७६ हा आरशाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ७०० हे त्याचं नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा एकवटते तिथपर्यंतचं अंतर. त्याला आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागायचं, म्हणजे किती पट मोठं दिसेल ते कळतं. सोबतच्या ४ मिमी आयपीसने १७५ पट, आणि त्याला तीन पटीची बार्लो, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, जोडली की झाले ५२५! पण व्यास जितके मिमी, त्याच्या दुपटीपलीकडे पट वाढवून नवं काही दिसत नाही. चित्र फक्त फिकं आणि धूसर होत जातं. ७६ मिमीला ही मर्यादा जेमतेम दीडशेची.

आणि खरी गोची ट्रायपॉडची. त्या ४ मिमी आयपीसमधून आकाशाचा इतका छोटा तुकडा दिसतो की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ग्रह पाऊणेक मिनिटात त्यातून निसटतो. तो परत आणायला नळीला हात लावला की ट्रायपॉड थरथरतो, आणि थरथर थांबेपर्यंत ग्रह पुन्हा कडेला. मुलं दोन संध्याकाळी बघतात, तिसऱ्या दिवशी दुर्बीण माळ्यावर जाते.

म्हणून पैसे दोनच गोष्टींवर घालावेत: व्यास आणि स्थिर बैठक. सध्या साधारण वीस ते तीस हजारांत १३०/६५० ची टेबलावर ठेवायची डॉब्सोनियन मिळते, आणि पहिली दुर्बीण म्हणून आमचं मत बिनदिक्कत तिलाच. ती ७६ मिमीच्या जवळजवळ तिप्पट प्रकाश गोळा करते. बैठक म्हणजे लाकडी फिरती पेटी. हाताने ढकलायची, सोडली की तिथेच थांबते. ही रचना लोकप्रिय करणारे जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होते. हाताशी येईल त्या स्वस्त सामानातून दुर्बिणी करायच्या आणि फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायचं, हा त्यांचा उद्योग. स्वस्ताई या दुर्बिणीच्या रक्तातच आहे म्हणा ना.

घेताना तीन गोष्टी तपासा. आरसा पॅराबोलिक (परवलयाकार) आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. १३०/६५० सारख्या आखूड दुर्बिणीत गोलीय आरसा असला तर तारे टिंबासारखे न दिसता पसरट दिसतात. आयपीस सव्वा इंच व्यासाचे हवेत, म्हणजे पुढे चांगले घेता येतात. आणि आरशाच्या दुर्बिणीची नळी नाभीय अंतराएवढी, फार तर थोडी कमी लांब असते. ११४/१००० म्हणून विकली जाणारी दुर्बीण हातभरच लांब दिसली तर फोकसरमध्ये, म्हणजे आयपीस बसतो त्या नळीत, जास्तीचं भिंग बसवलेलं असतं. ती घेऊ नका. चित्र मऊ येतं आणि आरसे जुळवताना डोकं फिरतं.

बजेट दहा हजारांच्या आत असेल तर दुर्बिणीचा हट्ट सोडा आणि १०×५० चा (१० पट, ५० मिमी भिंगांचा) बायनॉक्युलर घ्या. कृत्तिका, पुष्यातला तारकागुच्छ, मृगातला तेजोमेघ, अंधाऱ्या जागेवरून देवयानी दीर्घिका, एवढं सगळं त्यात येतं. कोपर कठड्यावर टेकवले तर गुरूचे चंद्रही.

टेबलावरच्या दुर्बिणीला टेबल मात्र भक्कम हवं. प्लास्टिकची खुर्ची चालत नाही. जाड लाकडी स्टूल उत्तम. शोधक, म्हणजे लाल ठिपक्याचा फाइंडर, दिवसाउजेडी जुळवून ठेवा. किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर २५ मिमी आयपीसमध्ये मधोमध आणा आणि मग स्क्रू फिरवून ठिपका त्याच्यावर आणा. टॉवर उलटा दिसेल. दुर्बीण बिघडलेली नाही. रात्री आधी २५ मिमीने (२६ पट) वस्तू शोधायची, मगच १० मिमी (६५ पट) लावायचं. एवढ्यात शनीचं कडं वेगळं दिसतं. गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्यामुळे संध्याकाळी ग्रह उकळत्या पाण्यात पडल्यासारखा हलतो. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा आणि ग्रह दहानंतर पाहा.

एखादा ठळक तारा मुद्दाम आउट ऑफ फोकस करा. प्रकाशाच्या चकतीतलं काळं वर्तुळ मधोमध हवं. एका बाजूला सरकलेलं असेल तर मागच्या तीन स्क्रूंनी मुख्य आरसा जुळवायचा, एका वेळी पाव फेराच.

आयपीसवर लावायचा काळा ‘सन फिल्टर’ खोक्यात निघाला तर तो तिथल्या तिथे फोडून टाका. एकवटलेल्या उन्हाने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो. सूर्यासाठी नळीच्या तोंडावर, पूर्ण व्यास झाकणारा फिल्टरच लागतो. २ ऑगस्ट २०२७ चं ग्रहण महाराष्ट्रातून खंडग्रास आहे, पण ऐन पावसाळ्यात; त्या भरवशावर खर्च करू नका.

पावसाळा हा आरशाचाही शत्रू. मुंबई-कोकणात बंद दुर्बिणीत बुरशी धरते. दव पडलं असेल तर आधी वाळू द्या, मग झाकणं लावा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दमट झाल्या की बदला. आरशावर धूळ दिसली तरी फडकं लावू नका. धुळीने फरक पडत नाही, ओरखड्याने पडतो.