सप्लाय चेनच्या अप्रेंटिसना हिशेब, धोरण आणि नेतृत्व शिकवताना: माझा अनुभव

ऑर्डर टाकणं, माल उतरवून घेणं, सिस्टिममध्ये नोंद करणं हे अप्रेंटिस महिन्या-दोन महिन्यांत शिकतात. अडतं ते त्यापुढे. वित्ताची एक कार्यशाळा, धोरणावर कुणा वरिष्ठांचं भाषण आणि नेतृत्वाचं दोन दिवसांचं शिबिर असे तुकडे पाडले, की तिन्ही विषय वहीतच राहतात. म्हणून बॅच चालवताना मी तिन्ही एकाच खुंटीला बांधतो. प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात १५ ते २० एसकेयूंचा (एसकेयू म्हणजे साठ्यात वेगळा कोड असलेली एकेक वस्तू) एक गट द्यायचा आणि वर्षभर तोच त्याच्याकडे ठेवायचा. गटात दोन-तीन महागड्या वस्तू हव्यात, काही भराभर खपणाऱ्या, एखादी पडून राहिलेली आणि निदान एक लांबून येणारी. सगळ्या सरळ वागणाऱ्या वस्तू दिल्या तर शिकण्यासारखं काही उरत नाही.

सुरुवात पैशापासून. मांडणीवरचा माल स्वतः मोजायचा, सिस्टिममधल्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि मग त्याची रक्कम काढायची. पहिली चूक इथेच होते: मुलं साठ्याला विक्रीची किंमत लावतात. ताळेबंदात साठा सर्वसाधारणपणे त्याला आलेल्या खर्चाने धरतात. साठ्याची उलाढाल, म्हणजे वर्षात साठा किती वेळा फिरला, हे काढताना अंशात विक्री आणि छेदात खर्चाने धरलेला साठा घातला, तर आकडा उगाच चांगला दिसतो. दोन्हीकडे खर्चच हवा. शिवाय वर्षअखेरचा साठा न घेता बारा महिन्यांच्या अखेरच्या साठ्यांची सरासरी घ्यायची, कारण वर्ष संपताना सगळेच साठा मुद्दाम कमी ठेवतात.

उदाहरण असं घेतो. विकलेल्या मालाचा वर्षाचा खर्च ७३० लाख, म्हणजे दिवसाला २ लाख. सरासरी साठा १२० लाख, म्हणजे ६० दिवसांचा. ग्राहकांकडून पैसे यायला ४५ दिवस लागतात, पुरवठादारांना आपण ३० दिवसांनी देतो. ६० अधिक ४५ वजा ३० म्हणजे ७५ दिवस पैसा अडकलेला. आता प्रश्न: साठा १० दिवसांनी कमी केला तर किती वाचले? उत्तर येतं ‘२० लाख’. इथे थांबवावं लागतं. २० लाख मोकळे होतात, तेही एकदाच, आणि ते ताळेबंदात दिसतात. वाचतो तो हा साठा बाळगण्याचा खर्च. तो वर्षाला २० टक्के धरला तर ४ लाख, आणि तेवढेच नफा-तोट्यात येतात. त्या ४ लाखांतलाही गोदामभाड्याचा वाटा लगेच हाती लागत नाही. भाड्याचा करार चालू आहे तोवर मांडणी रिकामी राहिली तरी भाडं भरावंच लागतं. वाचते ती भांडवलाची किंमत, विमा, खराबी. हा फरक कळलेला उमेदवार वित्त विभागासमोर फसत नाही. बाकीच्यांचे प्रस्ताव पहिल्या प्रश्नालाच गळून पडतात.

उधारीच्या अटीही याच टप्प्यावर घ्याव्यात. बिल ३० दिवसांचं, पण १० दिवसांत दिलं तर २ टक्के सूट. दोन टक्क्यांकडे मुलं किरकोळ म्हणून पाहतात. प्रत्यक्षात सूट सोडणं म्हणजे ९८ रुपये २० दिवस वापरण्यासाठी २ रुपये देणं. साध्या व्याजाने वर्षाचा दर ३७ टक्क्यांच्या घरात जातो. सूट घ्यायची की नाही हे मग आपल्याला कर्ज किती टक्क्यांनी मिळतं यावर ठरतं, आणि बिल मंजूर व्हायला आपल्याकडेच १२ दिवस लागत असतील तर हा सगळा विचारच फुकट.

एका वेळी किती नग मागवले तर खर्च सर्वांत कमी येतो हे सांगणारं किफायतशीर ऑर्डरचं सूत्र १९१३ पासून चालत आलेलं आहे आणि मुलांचा त्यावर गरजेपेक्षा जास्त विश्वास बसतो. वर्षाची मागणी ३,६०० नग, एका ऑर्डरचा खर्च २००, एक नग वर्षभर बाळगण्याचा खर्च १६: उत्तर ३०० नग. पाठोपाठ दुसरा हिशेब करायला लावतो: ३०० ऐवजी ४५० मागवले तर? ऑर्डर आणि साठवणीचा मिळून खर्च जेमतेम ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणून पेटी ४०० नगांची येत असेल तर ३०० साठी भांडत बसू नये.

हिशेबातून धोरणाकडे वळायला सर्वांत उपयोगी पडतो तो सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेला जादा साठा. रोजची सरासरी मागणी १०० नग, तिचं प्रमाण विचलन (सरासरीपासून होणारा चढउतार) २०, लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) ९ दिवस. ९५ टक्के सेवा पातळीसाठी, म्हणजे शंभरातल्या ९५ वेळा माल कमी पडू नये यासाठी, १.६५ (या पातळीचा ठरलेला गुणक) गुणिले २० गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे ९९ नग. यात लीड टाइम अगदी ठरलेला धरला आहे. तो प्रमाण विचलनाने २ दिवस मागेपुढे होत असेल तर तोच आकडा ३४५ वर जातो. सेवा पातळी ९५ वरून ९९ टक्क्यांवर नेली असती तर, लीड टाइम पक्का असताना, १४० नगांत भागलं असतं. म्हणजे मागणीचा अंदाज सुधारण्याच्या बैठकांपेक्षा पुरवठादाराची तारीख पक्की करून घेणं जास्त मोलाचं. हे वाक्य फळ्यावर लिहून पटत नाही, आपल्याच गटातल्या लांबून येणाऱ्या वस्तूवर पटतं. त्यासाठी मागच्या २० ऑर्डरींच्या कबूल केलेल्या आणि प्रत्यक्ष आलेल्या तारखा काढाव्यात. मात्र सिस्टिममधली ‘कबूल’ तारीख नीट तपासावी. ऑर्डर उशिरा होतेय असं दिसलं की खरेदीतलं कुणीतरी ती पुढे ढकलून ठेवतं, आणि मग कागदावर सगळेच पुरवठादार वेळेवर दिसतात.

यानंतर खरेदीच्या वस्तूंची वर्गवारी करणारी क्राल्जिक यांची १९८३ ची चार चौकटींची मांडणी: एका अक्षावर नफ्यावर होणारा परिणाम, दुसऱ्यावर पुरवठ्यातली जोखीम. उमेदवार ती केवळ रकमेवरून भरतात आणि स्वस्त गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी चकती) ‘किरकोळ’ मध्ये जाऊन बसतं. ते एकाच साच्यातून, एकाच पुरवठादाराकडून येत असेल आणि त्याच्यावाचून उत्पादनाची लाइन थांबत असेल, तर ती अडथळ्याची वस्तू आहे. तिथे दर पाडून घेण्यात अर्थ नाही. थोडा जादा साठा आणि दुसऱ्या पुरवठादाराची मंजुरी या दोन गोष्टी हव्यात. मंजुरीला चाचण्यांसकट काही महिने लागू शकतात, हे वेळापत्रकात आधीच धरावं. एरवी खरेदीवाल्याने घाऊक ऑर्डर देऊन ३ टक्के दर कमी केला की त्याचं कौतुक होतं आणि वाढलेल्या साठ्याचा भार गोदामाच्या खात्यावर पडतो. कुणाचा आकडा सुधारला आणि कुणाचा बिघडला, हे एकाच कागदावर मांडायला लावणं हाच धोरणाचा खरा धडा, असं माझं मत आहे.

नेतृत्व मी मुद्दाम शेवटी घेतो. आकडा हातात नसलेल्या विशीतल्या मुलाचं ऐकून अनुभवी सुपरवायझर काम बदलत नाही, आणि त्याने बदलूही नये. आकडे आले की शिफ्टच्या सुरुवातीची १० मिनिटांची उभी बैठक उमेदवाराकडे द्यावी: काल काय चुकलं, आज काय कमी पडणार, कोण काय करणार. प्रत्येक कामापुढे एकच नाव. दोन नावं लिहिली की काम कुणाचंच नसतं. पहिले काही आठवडे मेंटरने मागे उभं राहावं, पण मध्ये बोलू नये. त्याने एकदा उत्तर दिलं की सगळे पुढेही त्याच्याकडेच पाहतात.

वर कळवण्याचा निरोप लिहायला वेगळा सराव लागतो. ‘गॅस्केट संपत आलंय, काय करू?’ हे चालत नाही. चालतं ते असं: ‘गॅस्केट गुरुवार दुपारपर्यंत पुरेल, गाडी शनिवारी. पर्याय एक: ५०० नग विमानाने, जादा खर्च ४० हजार. पर्याय दोन: शुक्रवारी लाइनवर दुसरं मॉडेल घेणं, लाइन बदलायला ४ तास. माझी शिफारस दुसऱ्याची. आज ४ वाजेपर्यंत निर्णय हवा.’ यात मुलं हमखास गाळतात ती निर्णयाची वेळ. ती नसली की निरोप वाचला जातो आणि बाजूला पडतो.

शेवटच्या महिन्यात सादरीकरण असतं, त्यात वित्त विभागाचा माणूस परीक्षक म्हणून हवाच. पण माझा जास्त भर गट पुढच्या उमेदवाराला सोपवण्यावर असतो. एका पानाचं टिपण: कोणते आकडे गृहीत धरले, कोणत्या पुरवठादाराच्या तारखेवर विसंबू नये, कोणत्या वस्तूचा कोड बंद करायचा राहिला आहे. नव्या माणसाला तेवढ्या पानावरून पहिली ऑर्डर काढायला सांगायची आणि त्याने कुठे कुठे फोन करून विचारलं ते त्याच पानाच्या मागे लिहून घ्यायचं.