तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीत नेमकं अडतं कुठं?

"या वयात इंग्रजी शिकून राहिल्या म्हणे तुम्ही! इतकं काय कठीण असते त्यात?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. गंमत अशी, की त्याचं उत्तर त्या नागपुरी 'शिकून राहिल्या'मध्येच, म्हणजे 'शिकताय'मध्येच आहे.

नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात मी बिल्ट्या, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाच्या पावत्या, करते. वय सत्तेचाळीस. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं, तेही घोकायपुरतं. आता पार्ट्यांना ईमेल इंग्रजीतच जातात, म्हणून संध्याकाळी सीताबर्डीला क्लास लावला.

पहिल्याच आठवड्यात चालू काळ आला आणि मला वाटलं, हे तर आपलंच! 'मी जाऊन राहिली', 'आय ॲम गोइंग'. अख्ख्या वर्गात आधी मला जमलं. दुसऱ्या दिवशी ऐटीत लिहिलं, 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग', 'आय ॲम नोइंग हिम'. मॅडमनी दोन्ही खोडले. माहीत असणं, समजणं ही इंग्रजीत स्थिती. तिला सहसा आयएनजी लागत नाही. आमच्या नागपुरात मात्र समजूनही राहते आणि डोकं दुखूनही राहते. त्यातलं दुखणं इंग्रजीला चालतं, समजणं चालत नाही. आता हा काय न्याय झाला बाप्पा?

मग 'पासून'. सोमवारपासून आणि दोन दिवसांपासून, आपल्याला एकच शब्द पुरतो. तिथे सोमवारला 'सिन्स', दोन दिवसांना 'फॉर'. आणि 'गाडी कालच पाठवली आहे' यातलं 'आहे' मी 'हॅव' करून लिहिलं, तर साहेबांनी ते काढलं. 'यस्टर्डे' आला की 'हॅव' नको म्हणे. माल निघाला आहे, अजून रस्त्यात आहे, हे त्या 'आहे'त किती छान बसतं! मला अजूनही मराठीचंच पटतं.

ए, ॲन, द मी अंदाजानेच टाकते.

परवा एक ट्रक नाक्यावर अडकला. बाहेरच्या पार्टीचा ईमेल आला: 'व्हाय ट्रक इज स्टँडिंग सिन्स टू डेज?' मी आधी मनातल्या मनात 'सिन्स' खोडून 'फॉर' केलं, मग ड्रायव्हरला फोन लावला.