ज्याचं दान त्याच्या हातून

कोजागिरी. रात्रीचा दीड वाजून गेला.

दूध संपलं, ताईला तिची गाडी मिळाली, लुडोचा पट घडी होऊन कपाटावर गेला. मला मात्र झोप नाही. कारण इतकं लहान आहे की उद्या कुणाला सांगायला गेलो तर आठवणारही नाही. चौथ्या फेरीत बाबांच्या तळहातावरचा फासा त्यांच्या नातीने, चिनूने, उचलला आणि त्यांच्या वतीने टाकला. सहा पडले. टाळ्या वाजल्या. बाबांनी सोंगटी बाहेर काढायला हात पुढे केला, तोवर तीही चिनूने काढून घरापुढे ठेवली होती.

एवढंच.

मी ओट्याशी दूध आटवत होतो. ते ढवळत राहावं लागतं, हात थांबला की तळाला धरतं आणि करपट वास केशराने लपत नाही. तिथून खोलीतला दिवाण पूर्ण दिसतो. बाबांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. पुढच्या फेरीला तो त्यांनी उचललाच नाही.

चिनूचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याआधी दोनदा बाबांचा फासा बोटांतून सुटून सरळ खाली आला आणि गादीवर पडला तिथेच बसला. ‘फिरला नाही, परत,’ ताई म्हणाली, आणि तेही बरोबरच होतं. फासा नीट कोलांट्या खात गेला नाही तर हातात असताना जी बाजू वर होती तीच किंवा तिच्या शेजारची वर राहण्याचा संभव वाढतो. चार बोटं उंचीवरून मऊ गादीवर सोडलेला फासा टाकलेला नसतो, ठेवलेला असतो. जुगारघरांत क्रॅप्स नावाच्या फाशांच्या खेळात टेबलावर फासे समोरच्या भिंतीवर आपटूनच यावे लागतात आणि त्या भिंतीला रबराचे टोकेरी उंचवटे बसवलेले असतात, ते ह्याचसाठी. टाकणाऱ्याच्या हाताची सवय पुसली जावी म्हणून.

पूर्वी आमचा खेळ खाली लादीवर असायचा. फासा टणटण उडायचा, दोन लाद्यांच्या सांध्यात अडकून तिरका राहायचा. मग त्याच्या डोक्यावर दुसरा फासा ठेवून बघायचा. टिकला तर दान धरायचं, घसरला तर परत टाकायचं. हा नियम बाबांचाच. आता त्यांना मांडी घालता येत नाही म्हणून पट दिवाणावर आला. पट दिवाणावर आला म्हणून फासा गादी गिळायला लागली, आणि गादीवर फिरवायचा तर मनगटाला जो झटका द्यावा लागतो तो त्या हाताला आता देता येत नाही. अडचण अशी गुडघ्यापासून निघून बोटांपर्यंत आली आणि वाटेत कुणाच्या लक्षात आली नाही. शेवटी दिसला तो फक्त थरथरणारा हात.

गणिताने पाहिलं तर मला खुपायचं काही कारणच नाही. सहा पडण्याची शक्यता 6 मध्ये 1, हात बाबांचा असो की आठ वर्षांच्या पोरीचा. चार फेऱ्यांत एकदा तरी सहा पडण्याची शक्यता 52 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चार फेऱ्या कोरड्या जाणं जवळजवळ तितकंच साधं. दहा फेऱ्या सहा न पडता जाण्याची शक्यतासुद्धा 16 टक्के आहे. फाशाला मागचं दान आठवत नाही, टाकणारा कोण हेही त्याला माहीत नसतं. ‘तुझ्या हाताला यश आहे गं’ असं ताई चिनूला म्हणाली तेव्हा बाबा हसले. त्यांना हे गणित माझ्याआधीपासून येतं, मला त्यांनीच शिकवलं.

मग टाकणारा हात कुणाचा ह्याने काय बिघडलं? हे मी स्वतःला तीन तास विचारतोय.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 34 वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तेव्हाचे फासे बेहड्याच्या फळांचे असायचे. त्यात म्हटलंय की हे खाली पडतात तरी वर उसळतात, ह्यांना स्वतःला हात नाहीत पण हात असलेल्याला हे नमवतात. ती ओळ मी नेहमी हरण्याच्या अंगाने वाचत आलो. आज ती दुसरीच वाटते. हात असलेला माणूस फाशापुढे नमतो, पण निदान हात त्याचा असतो. सर्वस्व हरायचं तर तेही स्वतःच्या मुठीतून सुटलेल्या दानाने. दुसऱ्याने जिंकून दिलेला सहाचा आकडा माणसाने कुठे ठेवायचा?

पटावरचं हिरवं घर आजही कुणी घेतलं नाही. ते राहू दे.

मला वाटलं होतं, कोजागिरीला घरात फाशांचा आवाज झाला की सगळं पूर्वीसारखं होईल. मध्यरात्री लक्ष्मी ‘कोण जागं आहे’ विचारत फिरते आणि अक्षक्रीडा करत जागणाऱ्याला वित्त देते, अशी श्रद्धा. म्हणून तर ह्या रात्री फासे खेळायचे. मी आठवडाभर सगळ्यांच्या मागे लागलो, ताईला ठाण्याहून बोलावलं, वेळ कमी म्हणून प्रत्येकी दोनच सोंगट्या ठरवल्या. पूर्ण डाव म्हणजे एका सोंगटीला घरापुढच्या चौकोनापासून मधल्या घरापर्यंत 56 पावलं, चार सोंगट्यांची 224. एका फेकीची सरासरी साडेतीन, म्हणजे एकही सोंगटी मेली नाही तरी साठाच्या वर फेका, आणि सहाची वाट बघणं त्याहून वेगळं. ताईची शेवटची गाडी त्यात बसत नाही. एवढा विचार करून मांडलेला डाव, आणि आता सगळे घोरताहेत आणि जागा मीच. कुणालाच काही जाणवलं नाही, ह्याचंच जास्त लागतंय बहुतेक.

पण आत्ता दिवा लावून पट पुन्हा मांडला आणि शेवटच्या काही चाली आठवून सोंगट्या ठेवून बघितल्या, तेव्हा लक्षात आलं की मी चुकीच्या जागी बोट ठेवून बसलोय. दान टाकण्यात कुणाचंच कौशल्य नसतं. खेळ असतो तो सोंगटी चालवण्यात. आणि आज बाबांकडून तेही सुटलं.

बाबांच्या दोन्ही लाल सोंगट्या बाहेर होत्या. एक ताऱ्याच्या चौकोनात, म्हणजे सुरक्षित. दुसरी उघड्यावर, ताईच्या पिवळीच्या चार घरं पुढे. तीन पडले. चिनूने ताऱ्यातली पुढे पळवली, कारण ती घराच्या जवळ होती. आता दोन्ही उघड्यावर. मागून येणारा एक ते सहा घरांच्या अंतरावर असेल तर त्याने आपल्याला नेमकं मारण्याची शक्यता 6 मध्ये 1. अंतर सात झालं की त्याला आधी सहा आणि मग एक लागतो, शक्यता एकदम 36 मध्ये 1 वर येते. मागची सोंगटी तीन घरं पुढे नेली असती तर चाराचं अंतर सात झालं असतं आणि ताऱ्यातली ताऱ्यातच राहिली असती. बाबा हे बोटाने न मोजता बघतात. ताईला चार पडले, लाल सोंगटी मेली, पुन्हा सहाची वाट. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती चिनूच्या चालीवर टीका झाली असती, आणि चिनू त्यांना मदत करत होती.

हाताला मदत करताना डोक्यालाही रजा दिली गेली. मला खुपलं ते हेच.

आणि हे कळल्यावर जरा हलकं वाटलं, कारण ह्यावर करण्यासारखं आहे. हात पूर्वीसारखा होणार नाही. तो मान्य करायला मला वेळ लागतोय, बाबांनी कधीच मान्य केलाय. पण फासा फिरवायला मनगट लागतंच असं कुठे आहे? जर्मनीत 1985 साली चौथ्या शतकातला फासे टाकायचा एक रोमन मनोरा सापडला. धातूच्या जाळीदार पत्र्याचा, आत तिरके अडसर. वरून फासा सोडायचा, तो आपटत गडगडत पायऱ्यांवरून बाहेर येतो. टाकणाऱ्याने फक्त सोडायचा. बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून असा मनोरा होतो. वीस सेंटिमीटर उंच, चौकोनी तोंड फाशाच्या तिप्पट रुंदीचं, आत तीन फळ्या आळीपाळीने समोरासमोरच्या भिंतींना, प्रत्येक 45 अंशांहून जरा जास्त उतरती. उतार कमी केला तर फासा आत अडकतो. फळी फार लांब केली तर तो गडगडण्याऐवजी नुसता घसरतो आणि पुन्हा ‘फिरला नाही’ सुरू होतं.

त्याहून सोपा पेला. स्टीलचा नको, रात्री खालच्या मजल्यापर्यंत आवाज जातो. पुठ्ठ्याची गोल नळी, सहा सेंटिमीटर व्यास, नऊ उंची, म्हणजे दोन्ही हातांनी धरता येते. आतून फेल्ट, आणि तोंडाच्या आतल्या कडेला दोरीचं एक वेटोळं चिकटवायचं. फासा बाहेर पडताना त्याला ठेचकाळतो आणि कोलांटी घेतोच. पेल्यात थरथर आड येत नाही, उलट फासा त्यानेच हलतो.

गादीवर सरळ काही टाकायचं नाही. खाली पाट, त्यावर काठाचं ताट, ताटात पातळ फेल्ट. पाट नसला तर ताट गादीत रुतून एका बाजूला कलतं आणि फासा कडेला जाऊन उभा राहतो.

फासाही बदलायचा. पटाबरोबर येतो तो सेंटिमीटरभराचा, गोल कोपऱ्यांचा, बोटांत धरवत नाही. 16 मिलिमीटरचा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला मिळतो. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का ते दुकानातच बघायचं. मग घरी परीक्षा. पेलाभर पाण्यात मीठ विरघळवत जायचं, साध्या प्लास्टिकचा फासा तीन-चार चमच्यांनंतर तरंगू लागतो. टिचकी मारून फिरवायचा, दर वेळी तीच बाजू वर आली तर आत पोकळी आहे आणि फासा बाद. सगळं मीठ घालूनही बुडाला तर प्लास्टिक जड आहे, त्याची परीक्षा अशी होत नाही.

आणि माळ्यावर कवड्या आहेत. कवड्यांना झटका लागतच नाही. दोन्ही तळहात जोडून ओंजळीत घोळवायच्या आणि पाटावर सोडायच्या, उताण्या किती ते मोजायचं. सहा कवड्यांत दोन-तीन-चार उताण्या वारंवार पडतात, सगळ्या उताण्या किंवा सगळ्या पालथ्या क्वचित, म्हणूनच त्या दानांना मोल जास्त. कवडीची पाठ आणि पोट सारखं नसतं, त्यामुळे नाण्यासारखा निम्मा-निम्मा हिशेब तिला लागत नाही. पाठ फोडून सपाट केलेल्या कवड्या बाजूला काढाव्या लागतील, त्यांचं पडणं वेगळं. सारीपाटाचा कापडी पट कुठे आहे हे फक्त बाबांना माहीत असणार.

बलिप्रतिपदेला, अजून सोळा दिवसांनी, सगळे पुन्हा जमतील. ती तर द्यूतप्रतिपदाच. तोवर पेला तयार होतो. चिनूला बसवूनच करणार, फेल्ट तिलाच कापू दे. तिला एवढंच सांगायचं की आजोबांचा फासा खाली पडला तर उचलून पेल्यात टाकायचा, पटावर नाही. आणि लाल सोंगटी कुठली हलवायची ते त्यांनी बोटाने दाखवल्याशिवाय हलवायची नाही, बोट पोचायला वेळ लागला तरी.

हिरव्या घराचं ताईशी बोलायला हवं. आज नको.

ताट आमचंच घ्यावं लागेल. परात जास्त बरी, काठ उंच असतो, पण पाडव्याला वहिनी ती पुऱ्यांच्या कणकेसाठी घेणार. तीस सेंटिमीटरचं जेवणाचं ताट एका फाशाला पुरतं. कवड्यांना नाही पुरणार, त्यांच्यासाठी चौरंग उलटा करून बघतो.